बांधाच्या पायथ्याशी दरवर्षी पाणी येतंय? फावड्याआधी बाटली घ्या

आमच्या गावचा तलाव १९७२ च्या दुष्काळातला. माणसांनी पाट्या वाहून घातलेला मातीचा भराव, आत काळ्या मातीचा गाभा, बाहेरून मुरूम. उंची नऊ मीटरच्या आसपास, लांबी तीनशे मीटरला थोडी कमी. सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडचा कोरडा पट्टा असल्यामुळे तलाव भरलाच तर परतीच्या पावसानं भरतो, आणि भरला की आठवडाभरात कुणीतरी सांगत येतं, "आप्पा, बांधाखाली पाणी लागलंय."

पाणी वापर संस्थेचं काम मी चौदा वर्षं बघतोय. आमचा एक आणि शेजारच्या गावांचे दोन अशा तीन तलावांवर मिळून हे एकच दुखणं मी अकरा वेळा निस्तरलं. त्यातल्या तीन वेळा चुकीच्या पद्धतीनं. म्हणून हे लिहितोय.

लक्षणं

सगळ्यात आधी दिसतं ते पाणी नव्हे, गवत. दिवाळीनंतर बाहेरच्या उतारावरचं कुसळी गवत पिवळं पडतं, पण पायथ्यालगत एक पट्टा हिरवागार राहतो आणि त्यात लव्हाळा उगवतो. त्या पट्ट्यावर चाललं की चप्पल रुतते आणि टाचेच्या खड्ड्यात हळूहळू पाणी जमतं. पुढची पायरी म्हणजे दगडी पायथ्याच्या फटींतून बारीक धार. तलाव मार्चमध्ये उतरला की सगळं सुकतं, आणि सगळे विसरतात.

इतकंच असेल तर घाबरायचं कारण नाही, पण दुर्लक्षही नको. धार गढूळ असेल, जमिनीतून पाणी उफाळून भोवती बारीक वाळूचा गोल ढीग जमत असेल, बांधाला खड्डा पडला असेल किंवा तलावाच्या आत पाण्यावर भोवरा दिसत असेल, तर पुढच्या तपासण्या वाचत बसू नका. थेट शेवटच्या भागाकडे जा.

पहिली तपासणी: हे पाणी तलावाचंच आहे का? (खर्च शून्य)

हसू नका. एका वर्षी पंधरा दिवस आम्ही बांधाकडे संशयानं बघत होतो आणि ते पाणी निघालं वरच्या उसाच्या फडातलं. रात्रपाळीची वीज आली की मोटर चालू, सकाळी बांधाच्या टोकाला ओल.

वही घ्या. विमोचकाच्या, म्हणजे तलावातलं पाणी सोडायच्या दाराच्या, विहिरीवर फूटपट्टीसारखे रंगवलेले आकडे असतात. नसतील तर ऑइलपेंटनं स्वतः रंगवा. आठवड्यातून एकदा, त्याच वारी, पाण्याची पातळी आणि खालच्या ओलीची लांबी पावलांत मोजून लिहा. ओलीच्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोका. तलाव उतरला तशी ओल आखडली तर पाणी तलावाचं. तलाव उतरतोय आणि ओल तशीच आहे, तर शेजारचं शेत, फुटलेली पाइपलाइन किंवा डोंगराकडचा झरा बघा.

या वहीचा दुसरा उपयोग मला फार उशिरा कळला. तलाव गेल्या वर्षीइतकाच भरलाय आणि ओल मात्र दीडपट झालीय, हे डोळ्याला कळत नाही. वहीत कळतं. त्याच पातळीला जास्त पाणी येणं ही आतून काहीतरी बदलल्याची खूण आहे.

दुसरी: बाटली

पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली, लेबल काढलेली. धारेखाली हळूच धरून भरा. तळाचा चिखल ढवळू देऊ नका, नाहीतर स्वतःच घाबराल. घरी नेऊन रात्रभर खिडकीत ठेवा. सकाळी बाटली न हलवता तळाशी बघा.

सगळ्या तपासण्यांत मी हिला सगळ्यात जास्त मानतो. मातीचा कुठलाही बांध थोडं पाणी पाझरू देतोच. काळी मातीसुद्धा पूर्ण बंद नसते. बांध फुटतो तो त्या पाण्याबरोबर माती वाहून गेल्यामुळे. आज चिमूटभर, उद्या मूठभर. पाण्याची वाट बाहेरून आत पोखरत जाते आणि तिची नळी झाली की पुढचं काम तासांचं असतं. तळाशी काही नसेल तर निवांत पुढं वाचा. पावसाच्या पहिल्या दिवशी थोडा धुरळा दिसू शकतो, म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा. दोन्ही बाटल्यांच्या तळाशी गाळाचा थर दिसला, तर हे काम तुमचं-माझं राहिलं नाही.

आमच्याकडे बाटल्यांवर तारीख लिहून त्या शाळेच्या खिडकीत ओळीनं ठेवतात. गुरुजींनी सुरू केलं. पोरं रोज बघतात, आणि मोठ्यांपेक्षा पोरांच्या आधी लक्षात येतं.

तिसरी: बादली आणि मोबाइलचं घड्याळ

धारेला छोटा चर काढून एका जागी आणा आणि बादली भरायला किती सेकंद लागतात ते मोजा. १५ लिटरची बादली ३० सेकंदांत भरली तर सेकंदाला अर्धा लिटर. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दिवसाला ४३,२०० लिटर होतात. म्हणजे दहा हजारी चार टँकर. उन्हाळ्यात चार टँकरसाठी आमच्याकडे किती भांडणं होतात, ते सांगायला नको.

बादली पुरेनाशी झाली तर पत्र्याच्या तुकड्यात ९० अंशांची इंग्रजी व्हीसारखी खाच कापून चरात आडवी बसवा. खाचेच्या टोकापासून पाण्याची उंची ५ सेंटिमीटर असेल तर प्रवाह सेकंदाला साधारण पाऊण लिटर. १० सेंटिमीटर असेल तर साडेचार लिटरच्या जवळ. उंची दुप्पट होते तेव्हा पाणी साडेपाचपटीहून जास्त वाढतं. म्हणून "काल चार बोटं होतं, आज सहा बोटं झालंय" हे वाक्य हलकं घेऊ नका.

चौथी: सांडवा

खरं तर गळतीच्या तक्रारीत सांडव्याचं काय, असं वाटेल. पण मी प्रत्येक वेळी आधी तिथं जातो. कारण सांडव्यात काहीतरी अडकलेलं असतं आणि तलाव ठरल्यापेक्षा वर चढलेला असतो. पाण्याची उंची वाढली की गळती वाढणारच.

अडकलेलं काय असतं? मासे वाहून जाऊ नयेत म्हणून लावलेली जाळी, तिच्यात झुडपं आणि प्लास्टिक. किंवा, आणि हे जास्त वेळा, "फूटभर पाणी जास्त थांबू दे" म्हणून रात्रीत रचलेल्या मातीच्या गोण्या. या फूटभरापायी मी सख्ख्या चुलत्याशी वर्षभर बोललेलो नाही. सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांच्यातली उंची मोकळी दिसते म्हणून ती फुकट जातेय असं नसतं. मोठ्या पुराचं पाणी त्या जागेतून चढून सांडव्यावाटे निघतं. ती जागा अडवली तर पाणी माथ्यावरून जातं, आणि मातीच्या भरावावरून वाहणारं पाणी भराव कापत सुटतं. गोण्या काढा, जाळी काढा, सांडव्यातली बाभळं तोडा. कुदळ आणि चार माणसं, एक दिवस.

पाचवी: माथा, झाडं आणि बिळं

बांधाच्या एका टोकाला उभं राहून दुसरीकडे नजर लावा. मधे कुठं माथा दबलेला दिसतोय का? नक्की करायचं तर गवंड्याची पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरा, दर दहा मीटरला. दबलेल्या जागेच्या बरोबर खाली ओल असेल तर ते एकच दुखणं आहे.

भेगांमध्ये फरक करायला शिका. उन्हाळ्यात काळी माती तडकते. बांधाच्या लांबीला समांतर, बोटभर खोल अशा भेगा पहिल्या पावसात मिटतात. पण माथा आडवा कापत आतल्या बाजूकडून बाहेर जाणारी भेग म्हणजे पाण्याला तयार रस्ता. तिच्यावर पाऊस पडू नये म्हणून प्लास्टिक टाका, टोकांना खुंट्या मारा आणि अभियंत्याला बोलवा. वरून माती लोटून झाकू नका. झाकलेली भेग त्याला दिसणार नाही.

झाडांचं म्हणाल तर वेडी बाभूळ ही आमच्या बांधाची खरी मालकीण आहे. जिवंत मुळांपेक्षा मेलेली मुळं वाईट: कुजली की मातीत पोकळ नळी उरते. मनगटापेक्षा बारीक झाडं दर उन्हाळ्यात मुळासकट काढा आणि खड्डा लगेच ठोकून भरा. मोठं झाड मात्र जेसीबीनं उपटू नका. एका गावात उपटलं, तेव्हा खोलीएवढी माती बरोबर आली.

बिळं घुशीची, सायाळीची, खेकड्याची. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसहून अधिक माणसं गेली. त्यानंतर खेकड्यांवर खापर फुटलं आणि राज्यभर चेष्टा झाली. मला त्या चेष्टेपेक्षा दुसरी गोष्ट लक्षात राहिली: गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केलेल्या होत्या. बीळ कुणाचंही असो, आतल्या उतारावर सापडलं तर शेवटापर्यंत खणून ओलसर काळी माती चार-चार बोटांच्या थरांत धुमसानं (माती ठोकायच्या जड ठोकळ्यानं) ठोकून भरा. बाहेरच्या उतारावरच्या बिळातून पाणी येत असेल तर मात्र बुजवू नका. का, ते पुढं येतंय.

सहावी: माणसं

हे बिळांइतकंच मोठं प्रकरण आहे. तलाव भरला की तालुक्याच्या गावातून रविवारी गाड्या येतात. येऊ देत, आम्हीही पोरांना घेऊन तिथंच बसतो. पण चारचाकी माथ्यावर नेली की चाकोऱ्या पडतात, चाकोरीत पाणी साचतं, ते एका जागेवरून उतारावर फुटतं आणि एका पावसाळ्यात गुडघाभर घळ तयार होते. आम्ही बांधाच्या तोंडाशी दोन मोठे दगड ठेवलेत. मोटारसायकल जाते, गाडी जात नाही. बेंदराला बैल धुवायला बांधावरून उतरवतात आणि उतारावरचं दगडी पिचिंग (दगडांचं अस्तर) निसटतं. त्यासाठी लांबच्या काठाला मुरमाचा उतार करून दिला.

विमोचकाच्या विहिरीजवळ पोहायला कुणालाही जाऊ देऊ नका. दार उघडं असताना पाणी तिथं माणसाला ओढतं, आणि वरून काहीच दिसत नाही. गाळ उपसलेल्या जागी तळ एका पावलात कमरेवरून डोक्यावर जातो. तिथं बांबूला लाल कापड बांधून ठेवतो.

गाळावरून आठवलं. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत पुष्कळ तलाव उपसले गेले, आमचाही. चांगलं काम. पण एका शेजारगावी उत्साहाच्या भरात जेसीबी गाळाखालच्या मुरमापर्यंत गेला, तेही बांधाच्या आतल्या पायथ्याला लागून. वर्षानुवर्षं साचलेला तो चिकट गाळ पाणी रोखायला गोधडीसारखा पसरलेला होता. गोधडी काढली आणि पुढच्या ऑक्टोबरला गळती दुप्पट. मी आता बांधाच्या उंचीच्या निदान पाचपट अंतर सोडायला सांगतो, म्हणजे आमच्याकडे ४५ मीटर. आणि बाहेरच्या पायथ्याचा मुरूम उचलायला कुणी ट्रॉली लावली तर ती अडवा. तो मुरूम बांधाला टेकू असतो.

सातवी: मोरी

मोरी म्हणजे बांधाच्या पोटातून पाणी बाहेर नेणारा पाइप. तिचं दार पूर्ण बंद करा. बाहेरच्या तोंडाशी टॉर्च घेऊन उभं राहा आणि बघा: पाणी पाइपाच्या आतून येतंय की पाइपाच्या बाहेरून, माती आणि काँक्रीटच्या सांध्यातून? आतून येत असेल तर दाराचं रबर गेलं किंवा काडीकचरा अडकलाय. पाणी वाया जातं, पण बहुतेक वेळा बांधाला धोका नसतो. बाहेरून येत असेल तर लगेच वर कळवा. माती आणि पक्कं बांधकाम भेटतात ती जागा ठोकायला सगळ्यात अवघड असते, म्हणून पाणी तिथं वाट शोधतं.

१२ जुलै १९६१ ला फुटलेल्या पानशेतचं दुखणंही मोरीपाशीच होतं. काम अर्धवट, विमोचकाची दारं पुरती बसलेली नाहीत, मोरीतून पाणी आदळत राहिलं आणि तिच्यावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूच्या गोण्या रचल्या, तरी धरण गेलंच.

मोरीत किंवा विहिरीत स्वतः उतरू नका. तलाव कोरडा असला तरी नको. आतली हवा कोंडलेली असते.

मग दुरुस्ती काय?

इथं माझी पहिल्या वर्षीची चूक सांगतो. ओल दिसली, आम्ही दोन ट्रॉली काळी माती आणून त्या जागेवर थापली, धुमसानं बडवली, वर नारळ फोडला. पाणी थांबलं. नवव्या दिवशी तेच पाणी पंधरा फूट वर, उताराच्या मधोमध निघालं. बाहेरचं तोंड बंद केल्यावर आतलं पाणी भरावातच चढत गेलं होतं आणि उतार भिजून जड झाला होता. तपासायला आलेल्या शाखा अभियंत्यांनी ती माती आमच्याच हातानं काढायला लावली.

पाण्याला बाहेर येऊ द्यायचं आणि मातीला आत ठेवायचं. त्यासाठी उलटी गाळणी घालतात. ओलीच्या भोवती मीटरभर जास्त जागा धरून गवत साफ करा. त्यावर वीतभर जाड धुतलेली भरड वाळू, तिच्यावर वीतभर बारीक खडी, मग मोठी खडी, आणि वजनाला दगड. वाळू माती धरते, खडी वाळू धरते, दगड खडीला उठू देत नाही. क्रशरची चुरी वापरू नका, ती सिमेंटसारखी बसते. खालचं पाणी चर काढून ओढ्याला नेऊन सोडा, आणि त्या चरावर तुमची बादली किंवा पत्र्याची खाच कायमची ठेवा. हे सगळं स्वच्छ, थोड्या आणि न वाढणाऱ्या पाण्यासाठी. तेही वाळू पडण्याआधी अभियंत्याला जागा दाखवून.

याला एकदा विरोध झाला, तो अनपेक्षित ठिकाणाहून. बांधाखालच्या शेतातले काका म्हणाले, "पाझर बंद केलास तर माझी विहीर आटंल." त्यांची भीती खोटी नव्हती. पाझर तलाव बांधतातच मुळी खालच्या विहिरींना पाणी उतरावं म्हणून. पण ते पाणी तलावाच्या तळातून, मुरमातून जमिनीत मुरायला हवं. बांधाच्या पोटातून नव्हे. गाळणी पाणी बंद करतच नाही, हे त्यांना चर दाखवून पटवलं. मग त्यांनीच दोन ब्रास वाळूचं भाडं दिलं.

आतल्या बाजूनं काळ्या मातीचा थर देणं, पायाच्या खंदकाची दुरुस्ती, ग्राउटिंग (भोकं पाडून दाबानं सिमेंट भरणं), खचलेला माथा उचलणं ही कामं गावानं अंगावर घेऊ नयेत. नकाशा, मातीची चाचणी आणि रोलर लागतो. ट्रॅक्टरच्या चाकानं दाबलेली माती दाबलेली नसते.

कधी थांबायचं आणि फोन करायचा

पुढच्यापैकी एक जरी दिसलं तरी: पाणी गढूळ आहे; काही तासांत धार वाढली; वाळू उफाळतेय; उतार घसरला किंवा फुगला; माथ्यावर आडवी भेग आहे; तलावात भोवरा आहे; किंवा पाऊस चालू असताना पाणी माथ्यापासून दोन फुटांच्या आत आलंय.

अशा वेळी क्रम उलटा करा. आधी खालच्या वस्तीला उठवा, मग फोन, मग बाकीचं. जिल्ह्याचा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, नाहीतर ११२. तहसीलदारांना आणि ज्यांच्या ताब्यात तलाव आहे त्यांना कळवा. फोनवर "धरण गळतंय" एवढंच सांगू नका. गावाचं नाव, पाणी गढूळ की स्वच्छ, मोरीपासून किती पावलांवर, बादली किती सेकंदांत भरते, माथ्याला किती फूट बाकी, एवढं सांगितलंत तर समोरचा माणूस खडबडून उठतो.

विमोचकाचं दार उघडून पाणी उतरवायला घ्या, पण ओढ्याकाठच्यांना सांगून. एरवी मी तलाव दिवसाला फूटभरापेक्षा जास्त उतरवत नाही. झपाट्यानं उतरवला तर भिजलेला आतला उतार घसरतो. जीव धोक्यात असताना हा हिशोब अभियंत्यानं करायचा. आणि पाणी काढून द्यायला म्हणून बांध स्वतः फोडायला जाऊ नका. ऑगस्ट २०२२ मध्ये मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातल्या कारम धरणाला गळती लागली, तेव्हा मुद्दाम चर खोदून पाणी सोडलं होतं. पण त्याआधी अठरा गावं रिकामी केली होती आणि यंत्रं, अभियंते, जवान जागेवर होते. तुमच्याकडे तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले असतात आणि एक फावडं असतं.

आणखी एक. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि काही अटींत बसणाऱ्या १० ते १५ मीटरच्या धरणांना. आमच्या नऊ मीटरला नाही. अशा छोट्या तलावांचा ताबा कुठं जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारेकडे, कुठं मृद व जलसंधारणकडे, कुठं जलसंपदाकडे असतो. आमचा कुणाकडे आहे, हे कागदावर शोधायला मला दोन महिने आणि सहा खेपा लागल्या. आता त्या उपविभागाचा नंबर विमोचकाच्या विहिरीवर, पातळीच्या आकड्यांच्या वर, ऑइलपेंटनं लिहिलेला आहे. दर मे महिन्यात रंग पुन्हा मारतो, आणि मारण्याआधी त्या नंबरवर एकदा फोन लावून बघतो.